क्राफ्ट बिअर: घेताना, ठेवताना, चाखताना

आमच्या बिअर शॉपीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सांगली

काउंटरवर सगळ्यात आधी येणारा प्रश्न म्हणजे "स्ट्राँग कुठली आहे?" लेबलवरच्या नियमानुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग. या आकड्यावरून किती चढेल ते कळतं, चवीचं काहीच कळत नाही. स्वस्त स्ट्राँग लागरमध्ये (लागर म्हणजे आपल्याकडची नेहमीची फिकट बिअर) टक्के वाढवायला तांदूळ, मका किंवा साखर वापरतात. त्यातून अल्कोहोल मिळतं, चव जवळजवळ नाही. क्राफ्ट बिअरमध्ये, म्हणजे थोड्या प्रमाणात, चवीसाठी बनवलेल्या बिअरमध्ये, पैसे जातात ते माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू), हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) आणि यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारी बुरशी) यांच्यावर, आणि हे तिन्ही उन्हानं, उकाड्यानं आणि तेलकट ग्लासनं सहज मार खातात. "महाग आहे, पण मजा नाही आली" असं सांगणाऱ्यांच्या बाबतीत दोष बऱ्याचदा बिअर बनवणाऱ्याचा नसतो. बाटली इथून गेल्यावर तिचं काय झालं, तिथं गडबड असते.

तारीख आधी, नाव नंतर

बिअर ही व्हिस्कीपेक्षा दुधाच्या जवळची वस्तू आहे. ठेवून ती मुरत नाही, शिळी होते. बहुतेक बाटल्यांवर ६ महिन्यांची मुदत छापलेली असते, पण ती "पिता येईल" याची मुदत. "चांगली लागेल" याची मुदत त्याहून कमी. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, म्हणून पेल एल (हॉप्सच्या वासाची फिकट बिअर) आणि आयपीए (इंडिया पेल एल, तिचाच जास्त हॉप्सचा प्रकार) भरल्या तारखेपासून ३ महिन्यांच्या आत प्यावी. व्हीट बिअर (गव्हाची) ४ महिन्यांपर्यंत चालते. स्टाउट आणि पोर्टर (भाजक्या माल्टच्या काळपट बिअर) जरा दणकट, ती मुदतीच्या शेवटापर्यंतही बरी लागते. आमच्याकडे बाटली हातात घेऊन तारीख बघायला कोणाचीच ना नाही. मागच्या रांगेतली ताजी हवी असेल तर तसं सांगा, काढून देऊ.

उष्णतेचा हिशेब करायला ब्रुअर लोकांचा एक जुना ठोकताळा आहे. ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. आता सांगलीचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. सावलीत पारा चाळिशीला टेकतो आणि बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जातो. दुपारी बिअर घेऊन मार्केट यार्डातली कामं उरकत संध्याकाळी घरी पोचलात, तर महिन्याभराचं म्हातारपण तिनं एका दिवसात उरकलेलं असतं. बिअर शेवटी घ्या, किंवा येताना थर्मोकोलचा डबा आणा. बर्फ आम्ही देतो.

उजेडाचं प्रकरण वेगळं आणि जास्त झटपट. हॉप्समधून येणाऱ्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला जंगली जनावराच्या अंगासारखा उग्र वास येतो. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीत कडक उन्हात यासाठी काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, टिन सगळाच. टिनला बरेच जण नाकं मुरडतात, पण दोन्ही पर्याय समोर असतील तर टिन घ्या. आतून लेप असतो, त्यामुळे पत्र्याची चव लागत नाही. अर्थात, टिनमधून थेट पिऊ नका.

फ्रिज, आणि फ्रिजमधून बाहेर

घरचा फ्रिज ४-५ अंशांवर असतो, साठवायला तो उत्तम. बाटल्या उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या तर तळाचं यीस्ट कडेला चिकटतं आणि ओतताना ढवळलं जातं. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, दार उघडलं की तिथलं तापमान आधी हलतं.

"एकदम चिल्ड" ही सवय लागरची आहे, आणि तिथंही तिचा अर्धा उपयोग चव लपवायला होतो. थंडीनं जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. लागर आणि पिल्सनर (लागरचाच जरा कडू प्रकार) ४ ते ७ अंशांवर, व्हीट बिअर ५ ते ८, पेल एल आणि आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३ अंशांवर चांगली लागते. थर्मामीटर लागत नाही. ३० अंशांच्या खोलीत ३३० मिलीची बाटली फ्रिजबाहेर काढल्यावर आयपीएला १०-१५ मिनिटं आणि स्टाउटला २५ मिनिटं द्या. टिन याहून लवकर तापतो.

पाहुणे दारात आणि बिअर गरम, अशी वेळ आली तर बाटली फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. बिअर उणे २-३ अंशांना गोठते, गोठताना फुगते आणि बाटली फुटते. त्यापेक्षा बादलीत बर्फ, तेवढंच पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला आणि बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. १५-२० मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ बाटलीला ठिकठिकाणी टेकतो, पाणी चहूबाजूंनी भिडतं, म्हणून पाणी हवंच.

ग्लास

वेगवेगळ्या आकारांचे महागडे ग्लास घ्यायची सुरुवातीला गरज नाही. तोंडाशी थोडा निमुळता वाइन ग्लास सगळ्याला चालतो, कारण त्यात वास कोंडून राहतो. थोडं थोडं चाखायचं असेल तर चहाचे कटिंग ग्लास झकास. स्टीलचा पेला मात्र नको, त्यात रंग दिसत नाही आणि फेसही कळत नाही.

खरी अडचण ग्लासच्या स्वच्छतेची. ज्या घासणीनं रस्श्याचं पातेलं घासलं तिनंच ग्लास घासला की काचेवर तेलाचा न दिसणारा थर बसतो आणि तेलात फेस मरतो. ग्लाससाठी वेगळा स्पंज ठेवा, साबण अगदी थोडा घ्या, भरपूर पाण्यानं धुवा आणि जाळीवर उपडा घालून वाळवा. फडक्यानं पुसू नका, फडक्याचा वास आणि धागे दोन्ही राहतात. ग्लास स्वच्छ आहे का हे बघायचं तर आतून ओला करून पाणी ओतून टाका. पाण्याचा अखंड पापुद्रा राहिला तर स्वच्छ, थेंब फुटून वेगळे झाले तर पुन्हा धुवा. ओतल्यावरही कळतं. कडेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथं काहीतरी घाण आहे.

ओतण्याआधी ग्लास गार पाण्यानं विसळा. ४५ अंशांत तिरका धरून अर्ध्यापर्यंत कडेनं ओता, मग सरळ करून मध्यभागी ओता. दोन बोटं फेस यायलाच हवा. फेस टाळणं म्हणजे कौशल्य असा आपल्याकडे समज आहे. पण जो वायू ग्लासात सुटत नाही तो पोटात सुटतो, आणि "बिअरनं पोट फुगतं" ही तक्रार तिथूनच येते. हेफेवाइत्सेन (जर्मन व्हीट बिअर) असेल तर बाटलीत दोन बोटं बिअर शिल्लक ठेवा, बाटली हलकेच गोल फिरवा आणि तळाचं यीस्ट शेवटी वर ओता. तो गढूळपणा अपेक्षित आहे.

नाक तयार करायचं सामान स्वयंपाकघरातच

क्राफ्ट बिअरच्या लेबलवर "सिट्रसी, स्पायसी, रोस्टी" असं काहीबाही लिहिलेलं असतं. ते वास ओळखायला शिकायचं असेल तर बाटली उघडण्यापूर्वी चार वाट्या मांडा. एकीत चुरडलेले धने आणि संत्र्याची ताजी साल. दुसरीत काळी पडत आलेली केळी आणि दोन लवंगा. तिसरीत कॉफीची भरड आणि थोडी कडू कोको पावडर. चौथीत पपनसाची साल आणि पिकलेल्या आंब्याची कोय. वास घ्या, मग बिअरचा घ्या, मग पुन्हा वाटीचा.

पहिली वाटी विटबिअरची, म्हणजे बेल्जियन व्हीट बिअरची. हिच्यात धने आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही जात जवळपास संपली होती. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली म्हणून आज आपल्याला मिळते. आपल्याकडे २०१५ मध्ये आलेल्या बिरा ९१ च्या व्हाइटनं हीच चव लागर पिणाऱ्यांपर्यंत नेली. दुसरी वाटी जर्मन हेफेवाइत्सेनची. गंमत म्हणजे तिच्यात केळीही नसते आणि लवंगही नसते, ते दोन्ही वास यीस्ट तयार करतं. तिसरी स्टाउटची, तो कडवट भाजका वास जवळजवळ काळ्या भाजलेल्या सातूचा. चौथी अमेरिकी हॉप्स घातलेल्या आयपीएची. आयपीएमधला "आय" इंडियाचा असला तरी ती इथं जन्मलेली नाही. भारतातल्या इंग्रजांसाठी विलायतेतून जहाजानं येणारी ती जास्त हॉप्सची पेल एल.

चार बाटल्या, चार माणसं

चाखायची उत्तम रीत म्हणजे एका बैठकीला चार वेगवेगळ्या ३३० मिलीच्या बाटल्या चौघांत वाटणं. प्रत्येकाला प्रत्येकीतली साधारण ८० मिली मिळते, म्हणजे सगळी मिळून एकच पिंट (३३० मिलीची बाटली). एकट्यानं चार पिंट रिचवल्या तर तिसरीपासून जीभ काही सांगण्याच्या स्थितीत नसते.

क्रम हलकीकडून भारीकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे ठेवा: पिल्सनर, व्हीट, आयपीए, स्टाउट. आयपीए आधी घेतलीत तर नंतरची पिल्सनर पाण्यासारखी लागेल आणि तिच्यावर अन्याय होईल. मध्ये साधं पाणी आणि बिनमसाल्याचे कुरमुरे किंवा पाव. सिगारेट, पान, बडीशेप आणि अत्तर त्या तासाभरापुरतं लांब ठेवा.

ओतल्या ओतल्या पहिल्या दहा सेकंदांत वास घ्या, सगळ्यात हलके वास तेवढ्यातच उडून जातात. मग घोट. कडू बिअरच्या पहिल्या घोटावर मत बनवू नका. जीभ दचकते, तिसऱ्या घोटाला सावरते. वहीत भरल्याची तारीख, कितपत गार होती, सोबत काय खाल्लं आणि एक वाक्य लिहा. "छान" हे वाक्य धरत नाही. पुढच्या वेळी त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

थोडे दिवस झाले की एक परीक्षा घ्या. तीन एकसारखे ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात तिच्याच जातीची दुसऱ्या कंपनीची. ग्लासच्या बुडाला चिठ्ठी चिकटवा, रंग वेगळा असेल तर ग्लासना कागद गुंडाळा आणि ज्याला ओळखायचं आहे त्याला ओतताना बाहेर पाठवा. वेगळा ग्लास नुसत्या अंदाजानंही तीनपैकी एकदा बरोबर येतो, तेव्हा एका यशावर छाती फुगवू नये.

सोबत

आपल्या भागात तिखट हटत नाही, म्हणून हे नीट वाचा. कडूपणा, अल्कोहोल आणि वायू तिन्ही तिखटाची आग वाढवतात. तांबड्या रस्श्यासोबत ७ टक्क्यांची आयपीए म्हणजे आगीत तेल. तिथं कमी कडू, गोडसर माल्टची अंबर लागर किंवा व्हीट बिअर घ्या. भडंगाला विटबिअर सगळ्यात जवळची, कारण लसूण आणि शेंगदाण्याला धने-संत्रं उचलून धरतात. आयपीए ठेवा कांदाभजीला, तेलकटपणा ती स्वच्छ धुऊन काढते. सुक्या मटणाला पोर्टर. शेवटी स्टाउटच्या अर्ध्या ग्लासासोबत साताऱ्याचा एक कंदी पेढा खाऊन बघा. आमच्या मते ही या पत्रकातली सगळ्यात चांगली सूचना आहे.

पुण्याला जाल तेव्हा

मायक्रोब्रुअरीची (जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या पबची) बिअर तिथंच टाकीतून येते, ती सांगलीत बाटलीत मिळत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि नंतर बऱ्याच निघाल्या. तिथं आधी सॅम्पलर (चाखायला छोट्या ग्लासांत थोडी थोडी बिअर) मागा, कुठली बिअर सगळ्यात अलीकडे टाकीतून लावली ते विचारा आणि तीच घ्या.

नियम

२१ वर्षांखालील कोणालाही बिअर मिळणार नाही. मद्यसेवन परवाना लागतो, तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन निघतो. कर्नाटकाची हद्द हाकेवर आणि गोवा फार लांब नसला तरी तिकडची बाटली परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणंही गुन्हाच, म्हणून त्याचं सामान आम्ही ठेवत नाही. गाडी चालवताना रक्ताची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीत १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त. "एकच तर बाटली" म्हणताना कुठली ते बघा. मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका.

बिघडलेली की मुळातच तशी?

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे शिळी किंवा तापलेली. कणसं उकडलेल्या पाण्याचा वास फिकट लागरमध्ये किंचित चालतो, इतरत्र दोष. लोण्यासारखा वास आणि जिभेवर तुळतुळीतपणा म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही, किंवा पबमधल्या बिअरच्या नळाची नळी अस्वच्छ. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर घाईनं भरलेली. व्हिनेगरसारखी आंबट झाली तर जंतू शिरले, पण लेबलवर "सावर" लिहिलं असेल तर ती आंबटच असणार. उघडताच कारंजं उडालं तर आधी आठवा, स्कूटरच्या डिकीतून आणून लगेच तर उघडली नाही ना? तासभर फ्रिजमध्ये उभी ठेवलेली बाटलीसुद्धा उसळली, तर दोष आतला.

यातलं काही आढळलं आणि बाटली आमच्याकडचीच असेल तर बदलून देऊ. अर्धी तरी शिल्लक ठेवा, तोंड घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिलासह आणा. शॉपीत बिअर पिता येत नाही, पण वास घ्यायला बंदी नाही. रिकामी बाटली आणलीत तर आम्ही वास कशाचा घ्यायचा?