मोबाइल क्रेशेस

मोबाइल क्रेशेस : बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी साइटवरच पाळणाघर चालवणारी भारतीय सेवाभावी संस्था. स्थापना १९६९, दिल्ली. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे काम राजघाटाजवळ चालू असताना मजूर बायांची तान्ही मुले धुळीत, उन्हात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तिथेच पहिले पाळणाघर सुरू केले. इमारत उभी राहिली की मजुरांचे बिऱ्हाड हलते, म्हणून पाळणाघरही हलते; नावातला ‘मोबाइल’ तो हाच. १९७२ मध्ये मुंबईत आणि नंतर पुण्यातही काम सुरू झाले. मुंबईची शाखा २००७ पासून स्वतंत्र संस्था आहे.

सुरुवात तान्ह्या बाळांपासून झाली. पण बाळाला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीणही त्याच्याबरोबर दारात येऊन उभी राहते. बाळ कडेवरून उतरले तरच तिच्या हाती पाटी येणार. त्यामुळे पाळणाघराला बालवाडी जोडली गेली, मग मोठ्यांचे वर्ग आणि नंतर त्यांना महापालिकेच्या शाळेत घालण्याची खटपट. संस्थेच्या साऱ्या वाढीचे मर्म या बहिणीत आहे. ठेकेदाराने दिलेल्या पत्र्याच्या खोलीत ताई मुलांना न्हाऊमाखू घालतात, वजन करतात, डोस चुकला असेल तर लस टोचून घेतात. आई दुपारच्या सुट्टीत डोक्यावरची चुंबळ काढून बाळाला पाजायला येते. मराठवाड्याची, कर्नाटकाची, बिहारची मुले एकाच सतरंजीवर बसतात; शिकवायचे कोणत्या भाषेत, हा प्रश्न रोजचाच.

शहरात स्थिरावलेल्या मजुरांमागोमाग संस्था दिल्लीतील वस्त्यांतही गेली. तिथे साइटसारखा एक मालक नसतो, म्हणून वस्तीतल्याच बायकांना तयार करण्यावर भर आला. दुसरीकडे कायद्यासाठी पाठपुरावाही चालू राहिला. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली देणे बंधनकारक केले. धर्मादाय म्हणून सुरू झालेली गोष्ट मालकाची जबाबदारी ठरली, हे मोठेच पाऊल होते. मात्र मोजणी मुलांची नव्हे, बायांची होती. चाळीस बाया असलेल्या साइटवर कितीही मुले असली तरी ती या कलमाबाहेरच राहिली, आणि बाळ पुन्हा बहिणीच्याच कडेवर.