सायपानमध्ये भांडण नेमकं कशावरून झालं?

पॅसिफिक महासागरात सायपान नावाचं एक छोटं बेट आहे. २००२ च्या मे महिन्यात आयर्लंडचा फुटबॉल संघ तिथे उतरला. जपान आणि दक्षिण कोरियातला विश्वचषक दोनेक आठवड्यांवर आला होता आणि तिकडच्या उकाड्याची, दमट हवेची अंगाला सवय व्हावी म्हणून हा मुक्काम ठरला होता. खेळाडू पोचले, पण सरावाचे कपडे, फुटबॉल, औषधपाणी हे सामान पोचलंच नव्हतं. सरावाचं मैदान इतकं टणक आणि खडबडीत होतं, की विश्वचषकाच्या तोंडावर कुणाचा पाय मुरगळतो की काय अशी धास्ती वाटावी. कर्णधार रॉय कीन भडकला. सरावाच्या सामन्यात गोलकीपर खेळले नाहीत यावरूनही त्याची खडाजंगी झाली. मी घरी जातो, असं तो म्हणाला. मग थांबायला तयार झाला. आणि २३ मेच्या संध्याकाळी मॅनेजर मिक मॅकार्थीने त्याला खरोखरच घरी पाठवलं.

कीन हा काही साधासुधा खेळाडू नव्हता. मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार, वय तीस, मिडफिल्डमध्ये त्याच्या तोडीचे खेळाडू त्या वेळी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आयर्लंड विश्वचषकाला पोचला त्यात त्याचा वाटा फार मोठा होता. नोंदणीची मुदत संपल्यामुळे फिफाने बदली खेळाडू घेऊ दिला नाही आणि आयर्लंड २३ ऐवजी २२ जण घेऊन खेळला. देशात सरळ दोन तट पडले, एक कीनचा आणि एक मॅकार्थीचा.

चूक कोणाची, यावर आजही वाद रंगतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न. मैदान वाईट आहे ही तक्रार खरी होती. पुढे आयरिश फुटबॉल संघटनेनेच बाहेरच्या संस्थेकडून अहवाल करून घेतला आणि त्यात नियोजनातल्या उणिवांवर स्पष्ट बोट ठेवलं गेलं. म्हणजे मुद्द्यावर फारसं दुमत नव्हतं. मग मैदानाच्या तक्रारीवरून दोन मोठी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी कशी झाली? माणसांच्या गटांचा अभ्यास करणाऱ्या विज्ञानाकडे याचं बऱ्यापैकी उत्तर आहे.

कॅरेन जेन या संशोधिकेने १९९५ मध्ये कामाच्या ठिकाणच्या भांडणांची एक विभागणी मांडली, जी आता सर्वमान्य झाली आहे. एक भांडण कामावरचं: हे असं करायचं की तसं? दुसरं माणसावरचं: तू असाच आहेस! पहिल्या प्रकारातून चांगले निर्णय निघतात आणि दुसऱ्यातून फक्त जखमा, असं वाटणं साहजिक आहे. पण २००३ मध्ये कार्स्टन द द्रू आणि लॉरी वाइनगार्ट यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरीने दोन्ही भांडणं कामाला मारकच निघाली. २०१२ मध्ये जेन यांच्यासह तिघांनी ११६ अभ्यास, म्हणजे जवळजवळ नऊ हजार गट, पुन्हा तपासले. तेव्हा चित्र जरा उलगडलं. कामावरचं भांडण मुळात वाईट नाही, ते माणसावर घसरतं तेव्हा नासतं. ज्या गटांमध्ये ही दोन भांडणं एकमेकांपासून लांब राहिली, तिथे मतभेदांचा उपयोगही झाला.

सायपानमध्ये ही घसरण कुठल्या क्षणी झाली, हे जवळपास दाखवता येतं. कीनने 'आयरिश टाइम्स'ला मुलाखत दिली. तयारीतल्या ढिलाईबद्दल जे मनात होतं ते सगळं त्यात बोलून टाकलं. २३ मेला ती छापून आली. त्या संध्याकाळी जेवणानंतर मॅकार्थीने सगळ्या संघाला बसवून घेतलं आणि मुलाखत हातात धरून सर्वांसमक्ष कीनला जाब विचारला. तिथे हजर असलेल्यांनी नंतर सांगितलं त्यानुसार, बोलता बोलता मागच्या नोव्हेंबरमधला इराणविरुद्धचा सामना निघाला. पात्रतेच्या त्या लढतीचा पहिला सामना कीन डब्लिनमध्ये खेळला होता, पण तेहरानचा दुसरा सामना दुखापतीमुळे खेळला नव्हता. ती दुखापत खरी होती का, असा तो सवाल होता.

इथे मैदान, फुटबॉल, सामान सगळं मागे पडलं. प्रश्न माणसाच्या सचोटीवर आला. कीनने मग मॅकार्थीला जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. खेळाडू म्हणून, मॅनेजर म्हणून आणि माणूस म्हणून त्याने त्याला मोडीत काढलं.

आता ही खोली जरा जवळून पाहू. वीसेक जण बसलेले, सगळ्यांच्या नजरा दोघांवर. अशा प्रसंगी शरीरात काय होतं हे प्रयोगशाळेत मोजता येतं. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये त्यासाठी एक चाचणी तयार झाली आणि आज ती जगभर वापरली जाते. तुम्हाला एका खोलीत नेतात. समोर परीक्षक बसलेले असतात. त्यांना सक्त ताकीद असते, की हसायचं नाही, मान डोलवायची नाही. बाजूला कॅमेरा सुरू असतो. नोकरीसाठी तुम्हीच कसे योग्य, यावर पाच मिनिटं बोलायचं. ते संपलं की १०२२ मधून १३ वजा करत उलटं मोजायचं: १००९, ९९६, ९८३... एक जरी आकडा चुकला तरी पुन्हा १०२२ पासून सुरुवात. मधूनमधून कापसाचा बोळा चघळायला देतात आणि त्यातल्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक किती आहे ते तपासतात.

अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये केला. काम नुसतं अवघड असलं म्हणून कॉर्टिसॉल फारसं चढत नाही, असं त्यात दिसलं. ते उसळतं दोन गोष्टी एकत्र आल्यावर: चार माणसांसमोर आपली किंमत ठरत असते आणि परिस्थिती आपल्या हातात नसते. हीच दोन्ही कारणं असतील तर शरीर सावरायलाही सर्वांत जास्त वेळ घेतं.

याचा अर्थ मला असा लागतो, की त्या संध्याकाळी कीन जसा परीक्षकांसमोर उभा होता तसाच मॅकार्थीही होता. त्या मुलाखतीने त्याची पत अख्ख्या देशासमोर पणाला लागली होती, आणि पाठोपाठ त्याने कीनची पत अख्ख्या संघासमोर पणाला लावली. हेच बोलणं बंद दाराआड दोघांत झालं असतं, तर शब्द कदाचित तितकेच कडू असते, पण हरताना बघायला कुणी नसतं. कीनची चूक आधी वर्तमानपत्राकडे जाण्यात होती आणि मॅकार्थीची चूक तिचं उत्तर सभा भरवून देण्यात. तरीही मी मॅकार्थीची चूक मोठी धरतो. बोलण्याची जागा आणि वेळ ठरवण्याचा अधिकार त्याच्या हातात होता.

यात एका गोष्टीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, ती म्हणजे झोप. डब्लिन आणि सायपान यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात नऊ तासांचा फरक असतो. पूर्वेकडे प्रवास केल्यावर शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकतं. म्हणजे पाच दिवसांनंतरही ते पुरतं जुळलेलं नसणार. २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात ३५ तास जागं ठेवलेल्या लोकांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. त्रासदायक चित्रं पाहताना त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग, जो धोका ओळखतो, झोप झालेल्या लोकांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त पेटून उठला. त्याला आवरणाऱ्या पुढच्या भागाशी त्याची जोडणीही सैल पडली होती. सायपानमध्ये कुणी ३५ तास जागं नव्हतं आणि झोपेमुळेच भांडण झालं असं म्हणणं चूक ठरेल. पण लांबच्या प्रवासानंतर पहिल्याच आठवड्यात, रात्रीच्या जेवणानंतर, हिशेब चुकते करायला बसू नये, एवढं नक्की म्हणता येतं.

आपल्या वाचकांना इथे क्रिकेट आठवेल. २००५ मधले गांगुली आणि ग्रेग चॅपल, २०१७ मधले कोहली आणि कुंबळे. नावं बदलतात, पण मोठा खेळाडू आणि त्याच्यावरचा अधिकारी यांच्यातली अडचण बदलत नाही, कारण ती रचनेतच आहे. कागदावर मॅनेजर वर आणि खेळाडू खाली. पण खेळाडूंच्या मनात एक दुसरी उतरंडही असते, आणि तिच्यात कीनसारखा खेळाडू सर्वांच्या वर असतो.

उतरंडीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो कोंबड्यांपासून. नॉर्वेचे थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळायचा नाद होता. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं, की खुराड्यात कोणी कोणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो. दाणे टाकल्यावर पहिली चोच कोणाची, हे कोंबड्यांना पक्कं ठाऊक असतं. क्रम एकदा बसला की टोचाटोची कमी होते. अनोळखी कोंबडी आणून सोडली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

माणसांच्या संघात असंच होतं का? २०१४ मध्ये रोडरिक स्वाब आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय फुटबॉल संघांची आणि बास्केटबॉल संघांचीही आकडेवारी तपासली. संघात अव्वल दर्जाचे खेळाडू वाढत गेले की कामगिरी सुधारते, पण एका मर्यादेपलीकडे ती घसरू लागते, असं त्यांना आढळलं. बेसबॉलमध्ये अशी घसरण दिसली नाही. त्यांनी कारण असं दिलं, की बेसबॉल बराचसा एकेकट्याचा खेळ आहे, तर फुटबॉलमध्ये दर क्षणी दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागते, आणि वर कोण याची चढाओढ असली की कोणी जागा सोडत नाही. हा निष्कर्ष फार गाजला. पण २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी बास्केटबॉलची आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासली, तेव्हा ती घसरण त्यांना सापडली नाही. म्हणून मी यावर फार भिस्त ठेवणार नाही.

त्यापेक्षा १९५८ मध्ये एडविन हॉलंडर यांनी मांडलेली कल्पना मला जास्त पटते. तिला मराठीत चपखल शब्द आहे: पत. गटाच्या कामाला येत राहिलं, गटाचे नियम पाळले, की माणसाच्या खात्यावर पत जमा होते. पुढे वेगळं वागायचं, वरच्याला उलट बोलायचं, तर ती त्या खात्यातून वजा होते. ताऱ्यांना इतरांपेक्षा जास्त चालवून घेतलं जातं, ते यामुळे. पण खातं अमर्याद नसतं, आणि त्यात किती उरलं आहे हे खातेदाराला दिसत नाही. कीनच्या बाबतीत ते दोनदा संपलं. २००५ च्या ऑक्टोबरात मिडल्सब्रोकडून युनायटेडने ४-१ असा मार खाल्ला. त्यानंतर क्लबच्याच वाहिनीवर कीनने सहकाऱ्यांचे असे वाभाडे काढले, की ती मुलाखत क्लबने दाखवलीच नाही. नोव्हेंबरात त्याने क्लब सोडला. बारा वर्षं तो तिथे होता आणि मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांचा उजवा हात होता.

आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९० मध्ये अॅलन लिंड आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एक काम दिलं आणि त्याचं उद्दिष्ट परस्पर ठरवून टाकलं. एका गटाला काहीच विचारलं नाही. दुसऱ्याला आधी मत विचारलं. तिसऱ्याला सांगितलं, की निर्णय झाला आहे, तो बदलणार नाही, तरी तुम्हाला काय वाटतं ते सांगा. आधी विचारलेल्या गटाला वागणूक सर्वांत न्याय्य वाटली, यात नवल नाही. पण ज्यांच्या बोलण्याने काहीच बदलणार नव्हतं, त्या तिसऱ्या गटालाही ती पहिल्या गटापेक्षा न्याय्य वाटली. माणसाला मनासारखं घडायला हवं असतंच, पण त्याआधी कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. सायपानचं मैदान एका रात्रीत हिरवंगार होणार नव्हतं. ही गोष्ट कीनलाही कळत होती.

आयर्लंडने कीनशिवाय कॅमेरून आणि जर्मनीला १-१ असं रोखलं, सौदी अरेबियाला ३-० हरवलं आणि बाद फेरीत स्पेनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार पत्करली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅकार्थी पायउतार झाला. नवे मॅनेजर ब्रायन कर यांच्या काळात, २००४ मध्ये, कीन आयर्लंडच्या संघात परतला.

सायपानच्या त्या सभेनंतर मॅनेजरच्या बाजूने जे ज्येष्ठ खेळाडू पत्रकारांसमोर बसले, त्यांत नायल क्विन होता. पुढे क्विन संडरलंड क्लबचा अध्यक्ष झाला आणि २००६ मध्ये त्याने कीनलाच मॅनेजर म्हणून नेमलं. २००७ च्या मार्चमध्ये बार्न्सलीला सामना होता. बस निघायची वेळ झाली तरी तीन खेळाडू आले नव्हते. कीनने त्यांची वाट पाहिली नाही, त्यांना सगळ्यांपुढे उभं करून जाबही विचारला नाही. बस वेळेवर सुटली, तिघे मागे राहिले आणि संडरलंडने तो सामना २-० असा जिंकला.