कूलर सुरू करण्याआधी ताट्या बघा

विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर नको असे कोणीच म्हणणार नाही, आम्ही तर नाहीच. पण होळीनंतर दुरुस्तीला गेलो की बऱ्याच घरी गेल्या वर्षीच्याच ताट्या (कूलरच्या बाजूंना लावलेले, पाण्याने ओले राहणारे पॅड) दिसतात, काळ्या पडलेल्या आणि कुबट वासाच्या. हे पत्रक त्यासाठी.

ताट्यांतल्या ओलसर वूड वूलमध्ये (लाकडाच्या तुसात) आणि वाळ्यात बुरशी व जिवाणू वाढतात, हनीकोम्ब पॅडमध्येही. पंखा सुरू झाला की त्यांचे सूक्ष्म कण थेट खोलीत येतात. काही जणांच्या शरीराला हे कण सोसत नाहीत आणि फुप्फुसांना आतून सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. चौघे एकाच खोलीत झोपत असले तरी एकालाच होऊ शकतो, म्हणून कूलरवर संशय जात नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या २७ केंद्रांच्या नोंदीत फुप्फुसांना सूज येण्याच्या आणि ती निबर होण्याच्या आजारांचे १,०८४ रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ४७ टक्के याच आजाराचे होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संपर्क आढळला.

सुरुवातीला कूलरच्या हवेत राहिल्यावर काही तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप असे होते, आणि बाहेरगावी गेले की बरे वाटते. वर्षानुवर्षे असेच चालले तर फुप्फुसांवर व्रण पडतात. ते औषधाने पुसले जात नाहीत. जिना चढताना लागणारी धाप वयामुळे आहे असे समजून बसू नका.

ताट्या दर हंगामाला नव्या घाला. जुन्या काढताना तोंडाला मास्क बांधा, आधी ताट्या ओल्या करा आणि काम अंगणात करा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, त्याने डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त होतो. बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा चालू ठेवा, ताट्या कोरड्या होऊ द्या. पाण्यात फिनाईल किंवा जंतुनाशक टाकून कूलर चालवू नका. त्याची वाफ छातीत जाते, आणि मेलेल्या बुरशीचे कणही त्रास देतात.

ज्यांना हा आजार निघाला आहे, त्यांनी आमच्याकडून कूलर साफ करून घेऊ नये. तो घरातूनच काढावा. आमचा धंदा कूलरचाच आहे, तरी हेच सांगू. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना घरात कूलर आहे का, ताट्या कधी बदलल्या, गॅलरीत कबुतरे बसतात का (त्यांच्यामुळेही हा आजार होऊ शकतो), हे त्यांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा.