गेल्या सोमवारी उचललेलं वजन आज जड का जातं?

गेल्या सोमवारी बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर झोपून रॉड छातीवरून वर ढकलताना, ६० किलोचे आठ रेप्स (एका दमात आठ वेळा) निघाले आणि आज पाचव्यालाच रॉड छातीवर अडकला, स्पॉटसाठी, म्हणजे रॉडला हात लावायला, कुणाला तरी हाक मारावी लागली. असं झालं की जिममध्ये लगेच चर्चा सुरू होते, प्रोटीन कमी पडतंय का, ओव्हरट्रेनिंग झालंय का, प्रोग्रामच बदलायला हवा का. मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं की एका दिवसाच्या आकड्यावरून यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि चांगला चाललेला व्यायाम या एका कारणावरून सोडून देणारी मुलं बघितली की वाईट वाटतं.

नियमित व्यायाम चालू असताना मसल आठवड्याभरात विरघळून जात नाही. पण ताकद म्हणजे नुसता मसलचा आकार नव्हे, असलेल्या मसलपैकी किती भाग मेंदूला त्या क्षणी कामाला लावता येतो हेही त्यात आलंच. पाठीच्या कण्यातली एक एक चेतापेशी (नर्व्ह सेल) स्नायूतल्या तंतूंचा एक एक गट चालवते, काही गट लहान, काही खूप मोठे. एलवूड हेनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दाखवलं की हे गट ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात, आधी लहान आणि सगळ्यात मोठे शेवटी. म्हणजे पाण्याची बाटली उचलताना मोठे गट स्वस्थ बसलेले असतात, जड सेटच्या, म्हणजे सलग मारलेल्या रेप्सच्या, शेवटच्या दोन-तीन रेप्सना मात्र त्यांच्याशिवाय चालत नाही, आणि नुसतं जागं करून भागत नाही, मेंदूकडून त्यांना एकामागून एक भराभर इशारे जावे लागतात. त्या दिवशी मेंदू थकलेला असेल, लक्ष दुसरीकडे असेल तर फटका बसतो तो नेमका इथे. म्हणून पहिले चार रेप्स नेहमीसारखेच वाटतात आणि पाचव्याला अचानक रॉड थांबतो.

मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस या संशोधकांचा १९६१ चा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी लोकांना कोपर वाकवून पूर्ण जोराने ओढायला लावलं. ओढायच्या काही सेकंद आधी मागे पिस्तुलाचा आवाज केला तर जोर सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास वाढला, आणि ओढताना माणूस स्वतः ओरडला तर जवळपास १२ टक्के. हात तोच, मसल तेच आणि वेळ काही मिनिटांचीच, तरी फरक एवढा.

आता स्नायूच्या बाजूने बघू. मेंदूचा इशारा पोचला की तंतूच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं आणि त्यामुळे तंतू आकुंचन पावतो. खूप घाम काढणारा वर्कआउट झाला की हे कॅल्शियम पुरेसं सुटत नाही, आणि ही कमतरता दुसऱ्या दिवशीपर्यंत, कधी त्याहून जास्त टिकते. गंमत अशी की तेव्हा अंग दुखत असेलच असं नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणजे रिकव्हरी झाली हा जिममधला समज खरा नाही. उलट नवीन व्यायाम सुरू केला किंवा वजन सावकाश खाली आणण्यावर भर दिला तर दुखणं दोन-तीन दिवस राहतं आणि ताकद त्याहून जास्त दिवस कमी राहू शकते. एरिक बॅनिस्टर या संशोधकाने १९७५ मध्ये याचं एक साधं गणित मांडलं. प्रत्येक व्यायामाने शरीरात दोन गोष्टी एकदम वाढतात, क्षमता आणि थकवा, थकवा लवकर ओसरतो आणि क्षमता हळूहळू, आपल्याला रॉडवर दिसते ती फक्त दोघांमधली वजाबाकी. म्हणजे आज वजन कमी उचललं गेलं तरी खाली क्षमता वाढलेली असू शकते.

घड्याळाचाही हात असतो. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त असतं, आणि बहुतेकांची ताकद संध्याकाळी काही टक्क्यांनी जास्त भरते. रोज सकाळी सहाला जिमला जाणाऱ्यांच्यात हा फरक बराच कमी होतो, पण एरवी संध्याकाळी जाणारा एखाद्या दिवशी सकाळी गेला तर त्याने वॉर्मअप जास्त वेळ करावा आणि आकड्याची तुलना करूच नये.

मला विचाराल तर सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे दोन सेटमधली विश्रांती. जड सेटला पहिली ऊर्जा क्रिएटिन फॉस्फेट या स्नायूत साठवलेल्या तयार इंधनातून मिळते, ते काही सेकंदांतच संपत येतं, साधारण अर्ध्या मिनिटात निम्मं भरतं आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. संध्याकाळी सातच्या गर्दीत बेंचपाशी दोघं-तिघं उभे, "भाऊ अजून किती सेट?" म्हणून विचारणार, आपण घाईघाईत एका मिनिटात पुढचा सेट घेणार, आणि मग रेप्स कमी झाले की दोष डाएटला. तसंच आधी पुशअप्स किंवा शोल्डर प्रेस मारून बेंचला आलं तरी आकडा पडणारच.

झोपेचं म्हणाल तर एक रात्र कमी झोप झाली तर एका रेपचं सर्वात जास्त वजन फारसं घसरत नाही, पण ओळीने तीन-चार रात्री तसंच झालं तर मात्र घसरण दिसते, स्क्वॉट आणि डेडलिफ्टसारख्या पूर्ण शरीराच्या व्यायामांत जास्त. पाणी कमी पडलं, वजनाच्या तीन-चार टक्के घाम गेला तर ताकद साधारण दोन टक्के उतरते, एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या जिममध्ये हे सहज होऊ शकतं. कॉफीने थोडी वाढते. मशीनचं तर विचारूच नका, एका जिमच्या केबलवरचे ४० आणि दुसऱ्या जिमचे ४० सारखे नसतात, कप्प्या वेगळ्या, घर्षण वेगळं, आणि साध्या प्लेट्सवर लिहिलेलं वजनही तंतोतंत असतंच असं नाही.

हे सगळं मिळून फरक किती पडतो? सरावलेल्या माणसाची एका रेपची कमाल ताकद वेगवेगळ्या दिवशी मोजली तर आकडे साधारण चार टक्क्यांनी इकडेतिकडे होतात. १०० किलोवाला एखाद्या दिवशी ९६, एखाद्या दिवशी १०४. एक रेप म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन टक्के धरा, म्हणजे एक-दोन रेप्स कमीजास्त होणं हा नेहमीचाच चढउतार, त्यात कमी विश्रांती मिळाली की तीन-चार. आणि जिममध्ये थोडा जुना झालेला माणूस महिन्याभरात खरोखर वाढतो तो कित्येकदा याहून कमीच, मग एका सोमवारची दुसऱ्या सोमवारशी तुलना करून प्रगती कशी कळणार? पाच-सहा आठवड्यांचे आकडे एकत्र बघा, वहीत वजन-रेप्सच्या शेजारी वेळ, झोप आणि विश्रांती एवढं लिहा.

त्या दिवशीचं वजन ठरवायला केनेथ नाइट यांची गुडघ्याच्या रुग्णांसाठी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत आजही छान चालते. ठरलेल्या वजनाच्या निम्म्याने दहा रेप्स, पाऊण वजनाने सहा, मग पूर्ण वजनाने जमतील तेवढे. पाच-सहा जमले तर चौथ्या सेटला तेच वजन, दोनच जमले तर थोडं कमी, आठ-नऊ निघाले तर थोडं जास्त.

फक्त एक वेगळं ओळखा. सगळ्याच व्यायामांत दोन-तीन आठवडे सतत घसरण असेल तर आठवडाभर वजन हलकं करा. पण एकाच हातातली किंवा पायातली ताकद अचानक गेली, मुंग्या येतात, बधीर वाटतं, किंवा सेट मारताना छातीत दुखतं, तर हा रोजचा चढउतार नाही, लगेच डॉक्टरकडे जा.