सबवूफरचा साइज: छोट्या लाइव्ह साउंडसाठी

सबवूफर म्हणजे साउंड सिस्टिममधला तो डबा जो फक्त खालचा आवाज, म्हणजे बेस, वाजवतो, साधारण ४० ते १०० हर्ट्झ (सेकंदाला एवढी कंपनं), म्हणजे ड्रमचा किक, बेस गिटार, ढोलाचा ठोका. गायक, हार्मोनियम वगैरे सगळं टॉपमधून, म्हणजे वरच्या आवाजाच्या स्पीकरमधून येतं. साइज म्हणजे कोनचा, स्पीकरच्या आतबाहेर हलणाऱ्या पडद्याचा व्यास, इंचात. छोट्या कामाला १२, १५ नाहीतर १८ इंची सब वापरतात. नागपुरात कार्यक्रम ठरला की आयोजकाचा पहिला प्रश्न असतो, "भाऊ, अठराचे आहेत ना?" आणि इथेच घोळ होतो, कारण नुसत्या इंचावरून बेस ठरत नाही.

बेस म्हणजे हवा ढकलणं. कोनचं क्षेत्रफळ किती आणि तो आतबाहेर किती हलतो, दोन्ही मिळून हवा ठरते. १२ इंचीचं क्षेत्रफळ साधारण ५३० चौरस सेंटीमीटर, १५ चं ८५० च्या आसपास, १८ चं १२०० च्या आसपास. म्हणजे दोन बारा मिळून एका अठराच्या जवळ पोचतात पण थोडे कमीच, आणि दोन पंधरा एका अठराच्या बरेच पुढे जातात. दुसरं म्हणजे तेवढाच मोठा आवाज ८० ऐवजी ४० हर्ट्झवर काढायचा तर चौपट हवा लागते. म्हणून आधी कार्यक्रम काय आहे ते विचारायचं. चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झ असतो, किकचा दणका ५० ते ८० मध्ये बसतो, त्यामुळे भीमगीतं, ऑर्केस्ट्रा, गझल याला ४० हर्ट्झपर्यंत नीट वाजणारा पंधरा भरपूर झाला. ३०-३५ हर्ट्झपर्यंत उतरणारे डीजेचे ट्रॅक वाजणार असतील तर मग अठराच.

डब्याचं गणित लोक विसरतात. डबा लहान, आवाज मोठा आणि बेस खोल, या तीनपैकी दोनच मिळतात, याला हॉफमनचा नियम म्हणतात. कोणत्या स्पीकरला किती लिटरचा डबा आणि कसा पोर्ट (डब्यातलं हवेचं भोक) लागेल याचं गणित नेव्हिल थीलने १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉलने १९७० च्या दशकात पुढे नेलं. टेम्पोत बसावा म्हणून आखूड डब्यात कोंबलेला अठरा, बरोबर डब्यातल्या पंधरासमोर मार खातो. पोर्ट ज्या सुरावर ट्यून केला त्याच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता फडफडतो, म्हणून तिथे त्याखालचा आवाज कापणारा हाय-पास फिल्टर लावायचाच.

"बारा फास्ट, अठरा स्लो" हे मात्र खरं नाही. बेस ओढल्यासारखा वाटतो तो डब्याच्या ट्यूनिंगमुळे, कमजोर मॅग्नेटमुळे किंवा टॉपशी टायमिंग न जुळल्यामुळे.

जागेने खूप फरक पडतो. बंद समाजभवनात भिंती मदत करतात, शंभरेक लोकांना दोन बारा किंवा एक पंधरा चालतो, दोनशेला दोन पंधरा. वर्धा रोडकडच्या लॉनवर भिंतच नाही, तिथे तोच सेट पातळ वाटतो, मग दोन अठरा हवेत. आणि दोन सब असतील तर स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकाला ठेवू नका, मधोमध जमिनीवर एकाला एक चिकटवून ठेवा. वेगळे ठेवले की मधल्या पट्ट्यात दणका आणि चार पावलं बाजूला सरकलं की बेस गायब, कारण ६० हर्ट्झची लाट ५.७ मीटर लांब असते आणि दोन डब्यांपासूनच्या अंतरात तिच्या निम्म्याएवढा फरक पडला की दोन्ही आवाज एकमेकांना खातात. एकदा चालून बघा, कानाला लगेच कळतं.

नागपूरचा उन्हाळा हा तर वेगळाच विषय. १४ एप्रिलचे कार्यक्रम, मे मधली लग्नं, पारा ४५ च्या घरात आणि काळे डबे दुपारपासून उन्हात. कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तापली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, १५० अंशांनी तापली तर जवळपास ६० टक्के, मग ॲम्पची पॉवर आत जातच नाही. सातला मस्त वाजणारा बेस नऊला मऊ पडतो, ऑपरेटर फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) वर करतो आणि कॉइल जळते. तपासायचं असेल तर सिस्टिम बंद करून दोन्ही तळवे कोनवर सारखे ठेवून हळूच दाबा, आतून खरखर आली किंवा जळका वास आला तर कॉइल गेली समजा. म्हणूनच मी एका अठरापेक्षा दोन पंधरा सुचवतो, उष्णता दोन कॉइलमध्ये वाटली जाते, एक गेला तरी कार्यक्रम पार पडतो, आणि ४०-६० किलोचा अठरा दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चढवताना जिन्याच्या वळणावर दोन पोरांची जी हालत होते ती वाचते.

२००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. शेजारी तक्रार करतात ती बहुतेक सबची, कारण टॉपचा आवाज भिंतीला अडतो आणि बेस आत शिरतो. सबचं तोंड घरांकडून फिरवून उपयोग होत नाही, एवढी लांब लाट छोट्या डब्यातून चारही बाजूंना सारखीच पसरते, तिथे फेडरच खाली घ्यावा लागतो.