टोमॅटोचं बी रुजायला इतका वेळ का लावतं?

ट्रेमध्ये बी टाकून आठवडा उलटला, तरी वर काहीच दिसत नाही. अशा वेळी माणूस हमखास दोन गोष्टी करतो: आणखी पाणी घालतो आणि बियाणं खराब निघालं म्हणतो. बियाण्याला दोष देण्याआधी मातीत थर्मामीटर खुपसून बघा. घरात पेरलेला टोमॅटो उशिरा उगवतो, त्यामागे बहुतेक वेळा माती गार असणं हेच कारण असतं.

तापमानाने किती फरक पडतो ते आकड्यांतच पाहू. माती 25 ते 30 अंश सेल्सियस असेल तर कोंब साधारण 6 दिवसांत वर येतो. 20 अंशांना 8 दिवस लागतात, 15 अंशांना 14 आणि 10 अंशांना तब्बल 43. ऊब वाढवत नेली म्हणून वेग वाढतच जातो असंही नाही. 35 अंशांना पुन्हा 9 दिवस लागतात आणि 40 अंशांना बी उगवतच नाही.

हे सगळे आकडे मातीचे आहेत, खोलीचे नाहीत. फसगत होते ती इथेच. ओल्या मातीतून पाण्याची वाफ होताना ती मातीतली उष्णता घेऊन जाते, त्यामुळे उघडा ट्रे खोलीतल्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी गार राहू शकतो. त्यातून तो खिडकीशी ठेवलेला असेल, तर रात्री काचेजवळचा गारवाही त्याला लागतो. म्हणून मातीत बी जितकं खोल आहे तिथेच, पहाटेच्या सुमारास तापमान मोजावं. दुपारी घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो.

गारव्याने नेमकं अडतं काय, हे कळायला बी आतून पाहायला हवं. टोमॅटोचं बी चपटं असतं, त्यावर बारीक लव असते आणि आत भ्रूण गुंडाळी करून बसलेला असतो. पेरल्यावर पहिल्या काही तासांत बी भराभर पाणी शोषून फुगतं. मग बाहेरून सगळं थांबल्यासारखं वाटतं, पण खरं काम तेव्हाच चाललेलं असतं. भ्रूणाच्या मुळाच्या टोकावर पेशींची एक घट्ट टोपी असते, आणि ती मऊ पडल्याशिवाय मूळ बाहेर येऊ शकत नाही. भ्रूण जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर टोपीतल्या पेशी विकरं (एन्झाइम) तयार करतात आणि ही विकरं त्या पेशींच्या जाड भिंती विरघळवू लागतात. टोमॅटोचा एक उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेला, वाण आहे, ज्याला जिबरेलिन बनवताच येत नाही. त्याचं बी ओलं करून कितीही ठेवलं तरी रुजत नाही. मात्र बाहेरून जिबरेलिन दिलं, किंवा मुळासमोरची टोपी अलगद काढून टाकली, की तेच बी रुजतं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण अडसर कुठे आहे ते त्यात बोट ठेवून दाखवता येतं. गार मातीत ही विकरं अतिशय संथ चालतात. बी जिवंत असतं, फक्त टोपी उघडलेली नसते.

जास्तीचं पाणी घात करतं ते या टप्प्यावर. जागं झालेलं बी श्वास घेत असतं, आणि पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. चिखलात बी गुदमरतं, वर बुरशीला आयतं रान मिळतं. मातीला वाफसा हवा: मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी टपकू नये. उलट बाजूचा धोकाही आहे. मूळ बाहेर येण्यापूर्वी बी सुकलं तर ते बहुधा सावरतं, पण मूळ फुटल्यावर सुकलं तर मरतं. ट्रेवर झाकण ठेवलं की ओल टिकते आणि वाफ कमी झाल्याने ऊबही राहते.

बाकीची कारणं त्यामानाने किरकोळ. बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पुरे. पेरणीच्या मातीत खत नको, कारण क्षार वाढले की बियाला पाणी ओढणं जड जातं, आणि सुरुवातीचा शिधा बियातच असतो. घरी धरलेल्या बियांवरचा बुळबुळीत गर रुजणं रोखतो, तो दोन-तीन दिवस आंबवून धुऊन टाकावा. रुजायला उजेड लागत नाही.

बियाणं जुनं असल्याची शंका असेल तर मात्र तपासणी कराच. कोरड्या, थंड जागी ठेवलेलं बी चार-पाच वर्षं टिकतं, पण मरण्याआधी ते मंदावतं. दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. पाच-सहा दिवसांत सात-आठ बियांना मुळं फुटली, तर बियाणं ठीक आहे, दोष ट्रेचा आहे. ट्रेमधलं एखादं बी उकरून बोटाने दाबलं तरी अंदाज येतो. टणक असेल तर वाट पाहा. दाबताच आतून पू आल्यासारखं झालं, तर ते कुजलंय.

पहिले कोंब दिसले की सगळे उगवायची वाट पाहत ट्रे अंधारात ठेवू नका. ऊब आणि अंधार एकत्र मिळाले की एक-दोन दिवसांतच रोपं लांबुळकी, फिकट होऊन लोळतात. झाकण काढा, ट्रे भरपूर उजेडात हलवा आणि तापमान 18 ते 20 अंशांवर येऊ द्या. मागे राहिलेल्या बिया तिथेही उगवतील, थोड्या उशिराने.