आयर्लंडमधील स्वमग्न विद्यार्थ्यांचे विशेष वर्ग

आयर्लंडमध्ये नेहमीच्या शाळेच्या इमारतीतच स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठी छोटे स्वतंत्र वर्ग चालवले जातात. त्यांना विशेष वर्ग म्हणतात. प्राथमिक शाळेतल्या अशा वर्गात जास्तीत जास्त 6 मुले, एक शिक्षक आणि दोन साहाय्यक असतात. माध्यमिक शाळेत मुले तेवढीच, पण शिक्षकबळ दीडपट. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्गही आहेत. देशातील बहुतेक स्वमग्न मुले सर्वांबरोबर साध्या वर्गातच शिकतात. तीस जणांचा गोंगाट आणि सततची धावपळ ज्यांना दिवसभर सोसत नाही, त्यांच्यासाठी विशेष वर्ग असतो. त्याहून गुंतागुंतीच्या गरजा असणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या विशेष शाळा आहेत.

अशा वर्गात जागा मिळणे का अवघड, हे समजायला आयरिश शाळांची रचना पाहावी लागते. 1937 च्या राज्यघटनेतील 42 व्या कलमानुसार सरकारने मोफत प्राथमिक शिक्षणाची सोय होईल अशी व्यवस्था करायची आहे; शाळा स्वतः चालवण्याचे बंधन त्यात नाही. बहुसंख्य प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत. शिक्षकांचा पगार सरकार देते, कारभार शाळेचे व्यवस्थापन मंडळ पाहते. त्यामुळे वर्ग मंजूर करून त्याचा खर्च द्यायला सरकार तयार असले, तरी तो उघडायचा की नाही हे दीर्घकाळ मंडळाच्या इच्छेवर राहिले. टंचाईला पैशाइतकीच ही रचनाही कारणीभूत आहे. हक्क सरकारकडे मागायचा आणि दार मात्र शाळेचे ठोठवायचे, अशी पालकांची कोंडी त्यातून झाली.

हक्काची लढाई न्यायालयात झाली. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलालाही मोफत प्राथमिक शिक्षणाचा घटनात्मक हक्क आहे, असा निकाल 1993 मध्ये ओ'डोनोह्यू खटल्यात उच्च न्यायालयाने दिला. कॉर्क परगण्यातील जेमी सिनॉट हा स्वमग्न तरुण आणि त्याची आई कॅथरिन यांचा खटला याहून गाजला. गरज असेपर्यंत, वयाची अट न ठेवता शिक्षण द्यावे, असे उच्च न्यायालयाने 2000 मध्ये म्हटले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क 18 व्या वर्षी संपतो असे ठरवले. जेमी तेव्हा 23 वर्षांचा होता. ज्या वयात शिक्षण मिळायला हवे होते ते वय उलटून गेल्यावर वयाचीच मर्यादा पुढे करण्यात आली, आणि हा निकाल अनेक कुटुंबांच्या जिव्हारी लागला. कॅथरिन सिनॉट 2004 मध्ये अपक्ष म्हणून युरोपीय संसदेवर निवडून आल्या.

दरम्यान 1998 मध्ये सरकारने ऑटिझमला स्वतंत्र शैक्षणिक गरज म्हणून मान्यता दिली आणि सहा मुलांच्या वर्गाची पद्धत रुळली. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा 2004 मध्ये झाला. त्यातून उभी राहिलेली राष्ट्रीय विशेष शिक्षण परिषद आज वर्ग मंजूर करते. याच कायद्यातील प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा सक्तीचा करणारी कलमे मात्र पुढची दोन दशके लागूच झाली नाहीत.

जागेसाठी आधी निदानाचा आणि विशेष वर्गाची शिफारस करणारा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. 2005 च्या अपंगत्व कायद्यानुसार गरजांची तपासणी अर्जानंतर तीन महिन्यांत सुरू होऊन पुढच्या तीन महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात हजारो मुले या रांगेत मुदतीपलीकडे थांबलेली असतात. अहवाल हाती आल्यावर पालक शाळाशाळांना वेगवेगळे अर्ज करतात आणि नकाराची पत्रे गोळा करतात. जागा नसल्यास सरकार घरी शिकवणीसाठी आठवड्याला 20 तासांचे अनुदान देते. ते मूल घरातच राहते आणि सोबत्यांना मुकते. दूरच्या शाळेत जागा मिळाली तर सरकारी खर्चाने टॅक्सी मिळते. भावंडे गल्लीतल्या शाळेत आणि हे मूल रोज दुसऱ्या गावी, असे घडते.

शाळांच्या इच्छेवर सोडलेल्या या कारभाराला 2018 च्या शाळाप्रवेश कायद्याने धक्का दिला. त्यातील 37अ कलमाने शाळेला वर्ग उघडण्याचा आदेश देण्याचा अधिकार शिक्षणमंत्र्यांना मिळाला. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराडचे. कलमाचा पहिला वापर 2019 मध्ये ब्लँचर्ड्सटाउनच्या परिसरात झाला, आणि हा भाग वराडकरांच्याच डब्लिन वेस्ट मतदारसंघातला. पाठोपाठ दक्षिण डब्लिनमध्येही कलम वापरावे लागले. नोटीस, उत्तर, सुनावणी यांत वर्षभर सहज जाई, म्हणून 2022 च्या कायद्याने ही प्रक्रिया आखूड केली. 2011 मध्ये सर्व प्रकारचे मिळून सुमारे साडेपाचशे विशेष वर्ग होते. 2024 पर्यंत ते 3,000 च्या पुढे गेले, आणि त्यांतले बहुतेक ऑटिझमसाठीचे आहेत. वाढ मोठी आहे, पण प्राथमिकच्या मानाने माध्यमिक वर्ग कमी. बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा बदलताना कुटुंबाची वणवण पुन्हा सुरू होते.

मुळात वेगळा वर्ग असावा का, यावरही मतभेद आहेत. आयर्लंडने 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार स्वीकारला; त्या कराराचा रोख सर्व मुलांनी एकत्र शिकण्याकडे आहे. एकदा विशेष वर्गात गेलेली मुले साध्या वर्गात क्वचितच परततात, ही टीकाही रास्त आहे. राष्ट्रीय विशेष शिक्षण परिषदेने 2024 च्या सल्ल्यात सर्वसमावेशक शाळांकडे टप्प्याटप्प्याने जाण्याची शिफारस केली. पण पुरेसे साहाय्यक आणि वाणी व व्यवसायोपचार तज्ज्ञ शाळेत आल्याशिवाय वेगळे वर्ग आटवले, तर मूल साध्या वर्गात नुसते बसून राहील, ही पालकांची भीती अनुभवातून आलेली आहे. चांगल्या विशेष वर्गातली मुले चित्रकला, खेळ किंवा गणिताच्या तासाला इतरांत मिसळतात आणि थकल्यावर शांत खोलीत परततात. अशी ये-जा जिथे खरोखर चालते, तिथे या वादाची धार बरीच बोथट होते.

कोणत्या भागात किती मुलांना जागा लागेल याचा आगाऊ अंदाज घेतला जात नाही, असा ठपका बालहक्क लोकपालांनी 2022 च्या अहवालात ठेवला होता. 2025 मध्ये पालकांनी डब्लिनला शिक्षण खात्याच्या दारात रात्र काढून निदर्शने केली. 2026-27 या शैक्षणिक वर्षासाठी पालकांनी आपल्या मुलाची गरज 1 ऑक्टोबर 2025 पर्यंत परिषदेला कळवावी, असे ठरले. त्या नोंदींवरून नवे वर्ग कुठे उघडायचे हे वर्ष सुरू होण्याच्या बरेच आधी ठरवण्याचा उद्देश होता.